पाणी कुठलं, असं दुकानदारानं विचारलं होतं

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. धाकट्या बहिणीपाशी मी पोटातलं सगळं ओकत आले, पण हे तिलाही कधी सांगितलं नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालून जाते. देवाचं बरं असतं, तो विचारत नाही. तुम्हीही विचारलेलं नाही म्हणा. पण तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरी हळदीकुंकवाला येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

गोष्ट एका भिंतीची आहे. स्वयंपाकघरातली, ओट्यामागची भिंत. हसू आलं ना? एवढी वर्षं पोटात ठेवली आणि निघाली काय, तर टाईल! मीही स्वतःला असंच हसून गप्प करत आले. कुणाचा जीव घेतला नाही, कुणाच्या बांधावर नांगर घातला नाही. जावेनं सोबत बोलावलं, मी गेले, टाईल निवडून दिली — एवढंच. एवढंच का? तेच तर सांगायला बसले आहे.

मी नगरला ब्लाउज शिवते. गावाचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. कुठल्या साडीवर कुठला रंग खुलेल, काठ कुठं घ्यावा, हे मला कळतं असं लोक म्हणतात. त्यामुळं नात्यात कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा असो, पडदे घ्यायचे असोत, सोफा घ्यायचा असो — "सुमनला न्या, तिची निवड चांगली". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तेच माझं आडनाव असावं. लोक माझ्यावर विश्वास टाकतात आणि मी तो कधी मोडला नाही. एकदा सोडून.

अक्का माझी थोरली जाऊ. पारनेर तालुक्यात, सासरच्या गावी राहते. भाऊ दोघंच, जावाही आम्ही दोघीच; दीर शेती बघतात, आम्ही नोकरीपायी नगरला आलो. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी दुसऱ्या एका भिंतीचं सांगावं लागेल. कारण म्हणून सांगत नाही. — खोटं कशाला बोलू, कारण म्हणूनच सांगते आहे बहुतेक. तुम्ही ते कारण धरा किंवा सोडून द्या.

लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. चूल होती. चुलीमागची भिंत म्हणजे काजळीचा थर. दर शनिवारी ती खरवडायची, मग पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवायचं, हे काम थोरलीनं धाकटीकडं सोपवलं. सोपवलं तर सोपवलं. काम कुणाला चुकलंय? पण अक्काला नुसतं काम करवून घेण्यात रस नव्हता. रविवारी सकाळी ती त्या भिंतीवरून बोट फिरवायची, बोटाकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. म्हणायची, "निघतं सगळं. पुसायला यावं लागतं." एवढंच. आवाज चढवायची नाही. आवाज चढवला असता तर मी रडले तरी असते.

एकदा माझी आई भेटायला आली. श्रीगोंद्याकडून दोन एसट्या बदलून आली होती, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. अंगणात चार बायका बसल्या होत्या. अक्कानं मला आत हाक मारली, भिंतीवरून बोट फिरवलं, मला तसंच हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांच्या देखत ते काळं बोट माझ्या गालाला लावलं. "बघा विहीणबाई, तुमच्या लेकीला तीट लावली. एवढी काजळी ठिवलीय तिनं भितीवर, वाया कशाला घालवायची?"

बायका हसल्या. हसणारच, बोलणं होतंच तसं गमतीचं. पण माझी आई — माझी आईसुद्धा हसली. लेकीच्या सासरी हसावं लागतं म्हणून हसली, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी फक्त तिच्या हसण्याकडं बघत उभी राहिले, गालावर काळं घेऊन. स्टँडवर सोडायला गेले तेव्हा तिनं पदरानं माझा गाल पुसला आणि म्हणाली, मनावर घेऊ नकोस. त्यानंतर आई त्या घराची पायरी कधी चढली नाही. माझ्या लेकीच्या बारशालाही भावाबरोबर कुंची आणि बाळंतविडा पाठवून दिला. मग चार वर्षांनी ती गेलीच.

जावा-जावांचा उभा दावा, असं म्हणून लोक या गोष्टी उडवून लावतात. मीही उडवून लावली. त्या दिवशी मी शपथबिपथ काही घेतली नाही. भिंत पुसत राहिले. पुढं नगरला आलो, वेगळा संसार झाला, सणावाराला गावी जायचं, अक्काच्या पाया पडायचं, तिनं "सुमन वाळलीस गं" म्हणायचं. सव्वीस वर्षं मी तिच्याशी गोड बोलत होते. गोड बोलणाऱ्या बाईच्या पोटात काय असतं ते कुणी बघायला जात नाही.

मग तिनं बंगला बांधला. का, तर अक्षयसाठी. अक्षय तिचा मुलगा, एकुलता एक. हल्ली पोरीचे वडील आधी घर बघतात, मग पोरगा. पत्र्याच्या घरात कोण मुलगी देतंय? म्हणून बंगला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी स्वतःला फार वेळा सांगितलंय की मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तो बंगलाच मुळी सून आणण्यासाठी बांधला होता.

स्वयंपाकघराचं काम आलं तशी अक्काचा फोन आला. "सुमन, टायली घ्यायच्यात. मिस्त्री म्हणतो काचंची लई भारी दिसती. तुझी निवड चांगली हाय, चल माझ्यासंग." खरं सांगते, फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. चल म्हणाली, निघाले.

दुकान नगरलाच, बाहेरच्या रस्त्यावर. आत गेल्यावर डोळे दिपावेत अशा भिंतीच्या भिंती लावलेल्या. अक्का थेट गेली ती पिवळट टाईलपाशी. द्राक्षाचा घड, शेजारी चहाचा कप, वाफ काढलेली. तिला ती फार आवडली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, ही तर सगळ्यांच्याच घरी असते." ती लगेच मागं सरली. मग मला ती दिसली. काचेची, गडद निळी — मोराच्या मानेचा निळा — आणि मधून बारीक चंदेरी रेघ. त्या टाईलमध्ये आमची दोघींची तोंडं दिसत होती. मी नुसता हात ठेवला तिच्यावर. अक्का म्हणाली, "हीच."

इथपर्यंत मी निर्दोष आहे. चांगली टाईल होती हो! कुणीही भुललं असतं.

तेवढ्यात अक्काचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत पायऱ्यांवर गेली. दुकानदार पन्नाशीचा, सरळ माणूस. पॅड काढलं, भिंतीचं माप लिहिलं आणि पेन थांबवून मला विचारलं, "ताई, पाणी कुठलंय तुमच्याकडं?"

आमच्या भागात टाईलवाला हे विचारतोच. इकडं बोअरचं पाणी म्हणजे नुसते क्षार. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, डोक्याचे केस काथ्या होतात. पांढऱ्या टाईलवर ते क्षार झाकून जातात. गडद काचेवर प्रत्येक थेंब वाळला की पांढरा ठिपका होऊन बसतो. दुकानदार पुढं म्हणालाच, "बोअरचं असंल तर ही घेऊ नका. बाई पुसून पुसून मरंल पण डाग जायचे न्हाईत."

हे मला त्यानं सांगायची गरजच नव्हती. आमच्या नगरच्या घरी न्हाणीघराला मी हौसेनं काळी टाईल लावली होती, तिथंही पाणी बोअरचंच. वर्षभर तिच्यापायी हैराण झाले होते. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट काय, माहीत आहे? ओल्या फडक्यानं पुसायला जावं तर ती आणखी पांढरी होते. फडकंही त्याच पाण्यात भिजलेलं ना! जेवढं पुसाल तेवढं धुरकट. थेंब उडाला की त्याच क्षणी कोरड्या फडक्यानं टिपला तरच ती टाईल राहते.

आणि अक्काच्या ओट्यावरच्या नळाला पाणी कुठलं? गच्चीवरच्या टाकीतलं, बोअरचं. त्याच बोअरच्या पाण्यात मी सहा वर्षं डाळ शिजवलीय.

दुकानदार पेन धरून थांबला होता. काचेतून अक्का दिसत होती, पाठमोरी, हात हलवून फोनवर बोलत. आणि मला — काय सांगू — गालावर काहीतरी लागल्यासारखं झालं.

मी म्हणाले, "गोडं. नळाला गोडं पाणी येतं."

बस्स, एवढंच खोटं. दुकानदारानं मान डोलावली, माप पुरं केलं, अक्का आत आली तेव्हा तो टाईल मोजायला गेलाही होता. तिला गावी पोचवायला मी बरोबर निघाले; एसटीत अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाईट वाटत होतं का? नाही. मला सव्वीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. तू मला धुऊन निघणारी भिंत दिली होतीस अक्का, मी तुला न निघणारी देते. आता फिरव बोट.

वास्तुशांतीला बायकांनी ती भिंत हात लावून लावून बघितली. अक्का प्रत्येकीला सांगत होती, "आमच्या सुमनची निवड." मला साडी नेसवली. मी ती नेसून जेवायलाही बसले.

महिन्याभरात फोन. "सुमन, टायलीवर पांढरं पांढरं येतंय गं. काय करू?" इथं तरी थांबायचं होतं ना मी? तुम्ही थांबला असतात. मी म्हणाले, "ओल्या फडक्यानं पुसत जा अक्का, रोज." ती पुसायला लागली. पुढच्या सणाला गेले तेव्हा स्टुलावर चढून ती भिंत घासत होती, पदर खोचलेला, कपाळावर घाम. मी चहा घेतला. सावकाश घेतला. इतका गोड चहा त्या घरात मी कधी प्यायले नव्हते.

मग अक्षयचं लग्न झालं आणि कोमल आली.

कोमल कोपरगावची. तिकडं गोदावरी, कॅनॉल, उसाचा पट्टा, पाणी गोडं. त्या पोरीनं जन्मात क्षार बघितले नव्हते. आल्या आठवड्यात अक्कानं स्टूल, फडकं आणि भिंत तिच्या हवाली केली. मला हे कळलं तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, अरेरे, मजा गेली. पोरीची कीव नंतर आली, आधी हे आलं. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण इथं सुकं बाजूला बसून होतं आणि ओलंच तेवढं जळत होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले. स्वयंपाकघरात पाच-सहा जणी होतो. कोमल तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. अक्का उठली, ओट्यामागच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट सगळ्यांना दाखवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुला आठवतं का गं सुमन? तू बी अशीच हुतीस." सगळ्या हसल्या.

मी पण हसले.

आईसारखीच हसले. आईला नाइलाज होता. मला कसला नाइलाज होता?

बायका पांगल्यावर कोमलनं मला कोपऱ्यात गाठलं. "काकू, मी दिवसातून तीनदा पुसते. सकाळी बरी दिसते, दुपारी परत तशीच. काय लावू मी?" बोटं पाण्यानं सुरकुतलेली. एका वाक्याचं काम होतं — कोरडं फडकं ठेव गं, थेंब वाळू देऊ नकोस. तेवढं जरी सांगितलं असतं! पण भिंत चकचकीत झाली असती तर खूश कोण झालं असतं? अक्का. पाहुण्यांना दाखवत सुटली असती, सुमनची निवड म्हणून. ते मला नको होतं. मी कोमलच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुसत राहा. हळूहळू जमेल." पोरीला बरं वाटलं. त्या घरात माझ्याशिवाय तिच्या पाठीवर कुणी हात ठेवत नव्हतं, असं ती पुढं म्हणाली.

होळीच्या सुमारास तिनं संडास घासायचं ॲसिड आणलं आणि भिंतीला चोळलं. उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघाली. डाग थोडे गेले, पण चंदेरी रेघ काळी पडली, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. अक्कानं तिच्या माहेरी फोन केला — घेऊन जा तुमची पोरगी, वळण लावा, मग धाडा.

पाडवा झाल्यावर बैठक बसली. अक्काच्या हॉलमध्ये कोमलचे आईवडील, तिचे मामा. इकडून दीर, अक्का, अक्षय मान खाली घालून, आणि आम्ही दोघं. पोहे आले, कुणी खाल्ले नाहीत. कोमलची आई हात जोडून म्हणाली, "इहीणबाई, एका भितीपायी पोरीचा संसार मोडता का?" अक्का म्हणाली, "भितीपायी न्हाई वो. वळणापायी. आमी न्हाई का पुसल्या भिती?" मग इकडचं तिकडचं निघालं, भाकरी जाड, उठायला उशीर, उलट बोलणं. पण फिरून फिरून गाडी त्या भिंतीवर. भिंत चार पावलांवर होती, दारातून दिसत होती.

कोमल आईशेजारी बसली होती. बोटांना पट्टी. एकदम माझ्याकडं वळली. "काकू, तुम्ही सांगा. टाईल तुम्हीच निवडली. तुम्हाला कळतं. ती भिंत पुसून निघते का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझे हे हळूच म्हणाले, "बोल ना, तुझं ऐकतील."

माझं ऐकलं असतं. हेच तर आहे ना! नाही निघत, मी म्हणाले असते, पाणी बोअरचं आहे, पोरीचा दोष नाही — तिथल्या तिथं विषय मिटला असता. अक्का चिडली असती, मग असली कशी निवडलीस म्हणाली असती, दुकानदाराला जाब विचारायला गेली असती, आणि तो म्हणाला असता की मी विचारलं होतं, तुमच्याबरोबरच्या ताई गोडं म्हणाल्या. त्याची भीती वाटली का मला? वाटली. पण भीतीवर ढकलून मी सुटणार नाही. भीतीच्या खाली दुसरं होतं. मला दिसत होतं की ही पोरगी गेली, तर अक्काकडं भिंत राहील आणि पुसायला दुसरं कुणी राहणार नाही. मला ते हवं होतं. त्या क्षणी, त्या पोरीच्या तोंडाकडं बघत, मला ते हवं होतं.

मी म्हणाले, "निघते."

कोमलनं मान खाली घातली. ती भांडली नाही. तिला ते पटलं, हे मला दिसलं.

वर्षात फारकत झाली. अक्षयनं चाकणला नोकरी धरली, गावी येत नाही म्हटलं तरी चालेल. त्याला दुसरी मुलगी मिळेना. एकदा मोडलेल्या घरात कोण देणार? बंगला तसाच उभा आहे, आत दीर आणि अक्का. आणि भिंत. अक्काचे गुडघे गेले, स्टुलावर चढता येत नाही, म्हणून हात पुरतो तेवढी पुसते. वरचा पट्टा पांढराफटक. मी प्रत्येक सणाला जाते. प्रत्येक सणाला ती भिंत बघते. तुम्हाला वाटेल आता हिला चटका बसत असेल. कोमलची आठवण आली की बसतो. अक्काकडं बघून बसत नाही. खोटं रडायला मला जमणार नाही.

दोन वर्षांनी कोमलचा फोन आला. कोपरगावला भावानं दोन खोल्या दिल्या होत्या, ती कारखान्यावरच्या लोकांना जेवणाचे डबे देत होती. ओटा नवा करायचा होता. "काकू, टाईल तुम्हीच निवडून द्या. तुम्ही मला कधी टाकून बोलला नाहीत." नाही म्हणायला जीभ उचलली नाही. गेले.

तिथल्या दुकानातही काचेची निळी होती. अगदी तीच नव्हे, पण तशीच. मी म्हणाले, बघ, आवडते का? कशाला म्हणाले कोण जाणे. कोमल दोन पावलं मागं सरली. "निळी नको काकू. मला पुसायला येत नाही." हसत म्हणाली. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी अजून गुळगुळीत, गुलाबी आहे.

आणि दुकानदारानं पेन काढून विचारलं, "पाणी कुठलं, ताई? कॅनॉलचं असंल तर बिनधास्त घ्या निळी. बोअरचं असंल तरच नको, त्याचे डाग मेले तरी निघत न्हाईत."

कोमल थांबली. ती सावकाश म्हणाली, "काकू, तिकडं बोअरचं होतं." मग, "म्हणजे निघणारच नव्हते." आणि दुकानात, त्या माणसादेखत, तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. दुःखानं नव्हे हो. सुटल्यासारखी रडत होती. दोन वर्षं ती पोरगी समजत होती की तिला साधी भिंत पुसता आली नाही.

मग तिनं डोळे पुसले, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं."

प्रश्नसुद्धा नव्हता तो. तिनं माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, पण मी तेवढ्यावरही थांबले नाही. मी म्हणाले, "नव्हतं गं." आम्ही पांढरी घेतली. तिनं मला जेवायला घातलं, डब्यात शेंगोळे बांधून दिले. कोपरगावहून नगरपर्यंत ते शेंगोळे मांडीवर घेऊन बसले होते.

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. आवाज बारीक झालाय तिचा. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "सुमन, मी आज सकाळधरनं भित पुसतीय. तीनदा पुसली. न्हाई निघत गं. त्या पोरीला मी उगाच बोलले का?" मी मशीनचं चाक थांबवलं. ती म्हणाली, "तू तर म्हणाली हुतीस निघते म्हणून."

सांगायला शेवटची वेळ होती. मला ते कळत होतं. समोर शिवणाचं मशीन, हातात कुणाचा तरी ब्लाउज, डोळ्यांपुढं कोमलची दोन गुलाबी बोटं — ती होतीच. आणि त्यांच्या आड स्टँडवर पदरानं माझा गाल पुसणारी आई.

"निघतं सगळं, अक्का," मी म्हणाले. "पुसायला यावं लागतं."

मग तिनं फोन ठेवला. मी ब्लाउजचा हात जोडला आणि काज करायला घेतले.